शॅम्पेनचा रंग आणि त्याचे शेजारी

लग्नसराईच्या दिवसांत संध्याकाळच्या वेळीं बारामतीच्या कापडपेठेंत गेलें, तर एक देखावा हमखास पाहावयास मिळतो. पांढरीशुभ्र चादर घातलेल्या गादीवर दुकानदार घडीमागून घडी उलगडीत असतो, समोर इंदापूर तालुक्यांतील एखाद्या खेड्याहून आलेलें कुटुंब बसलेलें असतें, आणि दीड तास झाला तरी वधूचा शालू कांहीं ठरत नसतो. अशाच एका कुटुंबाची कल्पना करावी. दुकानदार एक फिकट, किंचित् सोनेरी झांक असलेलें रेशीम पसरतो आणि म्हणतो, "हा बघा ताई, अगदीं नवा रंग. शॅम्पेन." मुलीचे डोळे चमकतात. आई किंमत विचारते. शेजारीं बसलेली आजी कापडाला हात लावून पाहते आणि म्हणते, "अग, हा तर कडब्याचा रंग! लग्नांत का कडबा नेसायचा?"

आजीच्या बोलण्यांत थट्टा आहे, तशी भीतिहि आहे. तिच्या पिढीला फिकट, कोरें वस्त्र वैधव्याची आठवण देतें. वधूनें पिवळें, हिरवें, तांबडें नेसावें, हें तिच्या मनांत पक्कें बसलेलें आहे. मुलीला वाटतें, भडक रंगांत माणसाचा चेहराच हरवतो. आईच्या मनांत तिसरेंच कांहीं चाललेलें असतें: जन्मांत एकदां घ्यावयाचें हें वस्त्र, एवढे पैसे मोजून घरीं नेल्यावर सकाळच्या उन्हांत मळकट दिसलें तर काय करावयाचें? तिघींच्याहि म्हणण्यांत तथ्य आहे. हा रंग स्वतःच्या बळावर फारसा उभा राहत नाहीं; त्याला जसा शेजार मिळेल, तसा तो दिसतो. तेव्हां 'हा रंग चांगला कीं वाईट' हा वाद घालण्यापेक्षां 'याच्या शेजारीं काय ठेवावें' हा विचार केला, तर तिघींचेंहि समाधान होण्याजोगें आहे.

प्रथम नांवाविषयीं. फ्रान्स देशांत पॅरिसच्या ईशान्येस शॅम्पेन नांवाचा प्रांत आहे. तेथें होणाऱ्या फेसाळ मद्यास प्रांताचेंच नांव पडलें, आणि त्या मद्याच्या वर्णावरून विसाव्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास पाश्चात्य कापडबाजारांत तें रंगासहि चिकटलें. मौज अशी, कीं हें फिकट मद्य पुष्कळदां काळ्या द्राक्षांचें असतें. पिनो न्वार आणि मेनिए या दोन काळ्या जाती व शार्दोने ही एक पांढरी, या तिहींवर त्या प्रांताचा मुख्य भर आहे. या काळ्या द्राक्षांचा रंग सालींत असतो, गरांत नसतो; घड हलक्या हातानें दाबून रस सालीपासून तात्काळ वेगळा केला, तर तो जवळजवळ बिनरंगी निघतो. बारामती-इंदापूरकडे द्राक्षाचे मळे असलेल्या घरांस हें सांगावयास नको. काळा मणी चिमटला असतां बोटावर कोणत्या रंगाचा थेंब येतो, हें त्यांच्या घरचें पोरहि जाणतें. पुणें जिल्ह्यांतच, नारायणगांवच्या बाजूस, फ्रेंच पद्धतीचें फेसाळ मद्य करण्याचा उद्योग १९८० नंतरच्या दशकांत उभा राहिला होता आणि 'ओमर खय्याम' या नांवानें तें मद्य परदेशींहि गेलें होतें. रंगाचें नांव परदेशचें असलें, तरी त्यामागची वस्तु या जिल्ह्यास अगदींच परकी नाहीं.

पेल्यांतला रंग आणि कापडावरचा रंग मात्र एक नव्हेत. पेल्यांतून उजेड आरपार जातो, बुडबुडे चमकतात. कापडाच्या अंगीं ती सोय नाहीं. म्हणूनच हा रंग रेशमावर जितका खुलतो तितका सुतावर खुलत नाहीं. रेशमाची स्वतःची चकाकी त्या बुडबुड्यांचें काम करते. संगणकावर रंग मोजण्याची जी पद्धत आज सर्वत्र चालते, तींत तांबडा, हिरवा व निळा या तीन प्रकाशांचें प्रमाण ० ते २५५ या अंकांनीं दाखवितात. शॅम्पेनसाठीं सामान्यतः तांबडा २४७, हिरवा २३१ आणि निळा २०६ असे अंक घेतात. तिन्ही अंक २५५ असते, तर निव्वळ पांढरा झाला असता. म्हणजे हा रंग मुळांत पांढराच. त्यांतला निळा अंश थोडा काढला, हिरवा त्याहून कमी काढला आणि तांबडा जवळजवळ तसाच राहूं दिला. उरली ती नारिंगी आणि पिवळा यांच्या मधली एक अगदीं मंद छटा. हस्तिदंती रंग याहून पिवळ्याकडे झुकतो, बदामी याहून गडद असतो, आणि मोतिया याहून थंड. दुकानदार हीं चारहि नांवें सोईप्रमाणें एकाच ताग्यास लावतात, तो भाग वेगळा.

आजीनें कडब्याचें नांव काढलें तें उगाच नव्हे. नीरेचा डावा कालवा १८८५ सालीं वाहूं लागला आणि या दोन तालुक्यांचे जणूं दोन रंग झाले. पाटाच्या पाण्याखालीं उसाची दाट हिरवळ, आणि पाणी जेथें पोंचत नाहीं तेथें जिरायत रान. या जिरायतींत रब्बीची मालदांडी ज्वारी पिकते. दाणा मोत्यासारखा पांढरा, त्यावर किंचित् पिवळसर तकाकी. माघ-फाल्गुनांत कणसें खुडून झालीं आणि ताटें पेंढ्या बांधून उभीं केलीं, कीं सकाळच्या कोंवळ्या उन्हांत त्या कडब्यावर जो रंग चढतो तो, नांव बाजूस ठेवलें तर, शॅम्पेनच होय. शहरांत शिकलेल्या नातीला तो फ्रान्सचा वाटतो आणि आजीला रानांतला वाटतो, एवढाच फरक.

आपल्या भाषेनें रंगांचीं नांवें बहुधा घरांतून आणि बागेंतूनच घेतलेलीं आहेत. डाळिंबी, आमसुली, जांभळा, वांगी, अबोली, लिंबोळी, मोरपंखी, श्रीखंडी. यांतील डाळिंब तर आज इंदापूरचें मोठें पीक आहे. अशा यादींत 'कडबी' हा शब्द कां आला नाहीं, याचें कारण उघड आहे: कडबा जनावरांचा, आणि जनावराच्या वैरणीचें नांव लग्नाच्या वस्त्रास कोण देईल? परकें नांव येथें उपयोगी पडतें तें असें.

या रानांतच रंगांच्या शेजाराचे दोन धडे मिळतात. बारामती तालुक्यांत सुप्याजवळ मयुरेश्वर अभयारण्य आहे. १९९७ सालीं तें घोषित झालें. क्षेत्र लहान, सुमारें पांच चौरस किलोमीटर, पण चिंकारा हरणांसाठीं प्रसिद्ध. इंदापूरच्या कडबनवाडीकडील गवताळ माळावरहि हीं हरणें दिसतात. पावसाळा सरून गवत वाळलें, कीं चिंकाऱ्याची फिकी तांबूस पाठ त्या गवतांत अशी मिसळून जाते, कीं पाहुण्यास समोर उभें असलेलें जनावर दिसत नाहीं. तें हललें, मान वळवली, डोळ्यापासून नाकाकडे गेलेली गडद रेघ दिसली, म्हणजे मग सारें हरिण एकदम उभें राहतें. शेजारी आपल्याच जातीचा आणि आपल्याच उजळपणाचा असला, कीं फिकट रंग नाहींसा होतो. एखादी गडद रेघ मिळाली, कीं तोच रंग आकारास येतो. शालूस कांठ कशासाठीं असतो, याचें याहून चांगलें उत्तर मिळणें कठीण.

दुसरा धडा भिगवणचा. भीमेवरील उजनी धरण १९८० च्या सुमारास पुरें झालें आणि त्याचें फुगलेलें पाणी इंदापूर तालुक्याच्या कडेनें पसरलें. हिंवाळ्यांत आणि उन्हाळ्याच्या आरंभीं भिगवण, कुंभारगांव या बाजूस रोहित पक्षी उतरतात. काठावर वाळलेलें फिकट गवत, पुढें निळसर राखी पाणी आणि पाण्यांत पांढरट गुलाबी पक्षी. उभे असतात तोंवर सारेंच सौम्य दिसतें; थवा उडाला, कीं पंखांखालचा लालभडक गुलाबी आणि त्याला लागून काळी किनार एकदम उघडते. पक्ष्यांचा हा गुलाबी रंग त्यांच्या खाण्यांतून, शेवाळ व सूक्ष्म जलचर यांतील रंगद्रव्यांतून, येतो. शॅम्पेनशीं काय जुळतें असें कोणी विचारलें, तर निळसर राखी, फिकट गुलाबी आणि थोडा काळा, हें उत्तर त्या काठावर तयार मांडलेलें असतें.

हे धडे डोळ्यांना ठाऊक होतेच. त्यांचा नियम मात्र एका रसायनज्ञानें सांगितला. मिशेल शेव्रल हे पॅरिसच्या सुप्रसिद्ध गोब्लँ गालिचा-कारखान्यांत रंगाईच्या खात्याचे प्रमुख होते. कारखान्याचा काळा रंग पुरेसा काळा उतरत नाहीं, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनीं रंग तपासला, तर रंगांत दोष कांहींच नव्हता. दोष शेजारच्या धाग्यांचा होता; निळ्या-जांभळ्यालगत विणलेला काळा फिका पडत होता. त्यांनीं पुष्कळ प्रयोग केले आणि १८३९ सालीं याविषयीं मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचें सार इतकेंच, कीं दोन रंग लगत ठेवले असतां प्रत्येक रंग दुसऱ्यास आपल्या विरुद्ध दिशेस ढकलतो. गडदाशेजारीं फिकट अधिक फिकट दिसतो. निळ्याशेजारीं पिवळसर अधिक पिवळसर होतो. हिरव्याशेजारीं तोच रंग किंचित् गुलाबी भासूं लागतो. आणि ज्या रंगाची स्वतःची छटा मंद, त्यास हा धक्का सर्वांत जास्त बसतो. शॅम्पेन तर मंदांतला मंद.

याचा पडताळा घरीं पाहण्यास खर्च नाहीं. फिकट गुळाचा एक खडा घ्यावा. काळसर गोणपाटावर ठेवावा, तो सोन्यासारखा दिसेल. कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवावा, तोच मळका होईल. गुळाच्या या रंगापायीं या भागांत एके काळीं किती डोळे थकले असतील! गुऱ्हाळावर काहिलींत चढणारा उसाचा रस प्रथम हिरवट, गढूळ असतो. त्यांत चुन्याची निवळी घालावयाची, रानभेंडीच्या खोडाचा चिकट रस घालावयाचा, वर येणारी मळी झाऱ्यानें काढावयाची. मग रस निवळत, पिवळा होत, घट्ट होत जातो, आणि नेमक्या क्षणीं काहील उतरविणें ही गुळव्याची विद्या. गिऱ्हाइकास ढेप उजळ हवी असते. त्या हट्टापायीं कांहीं ठिकाणीं रंग उडविणारी भुकटी वापरण्यांत आली. तिनें गूळ फिका होतो, पण तो गोरेपणा टिकत नाहीं. फिकेपणा म्हणजे स्वच्छता अशी जी डोळ्याची समजूत, तिनें गुळाचें नुकसान केलें आहे आणि कापडाच्या दुकानांतहि ती फसविते.

आतां दुकानाकडे परत येऊन पाहावें. दुकानदाराची गादी पांढरीशुभ्र आहे. म्हणजे शॅम्पेन रेशीम जेथें पसरलें गेलें, तेथें त्यास सर्वांत वाईट शेजार मिळाला आहे. शुभ्र पांढऱ्यालगत हा रंग जुनाट, पिवळटलेला दिसतो. म्हणून या शालूवर शुभ्र पांढरें पोलकें हा बेत बहुधा फसतो. हळदीचा पिवळा त्याहून वाईट. त्याच्या जवळ शॅम्पेनचा उरलासुरला सोनेरीपणा निघून जातो आणि राखेसारखा एक थर राहतो. लग्नांत हळदी वस्त्राचा मान मोठा, पण तें वेगळ्या वेळीं नेसावें, याच्याशीं एकत्र करूं नये. भडक नारिंगीचीहि तीच गत.

जुळणाऱ्या रंगांत पहिला मान डाळिंबीचा. डाळिंबी गडद असतो, म्हणून त्याच्या कांठानें शॅम्पेनचें अंग उजळून निघतें. आणि तांबड्याच्या कुळांतला असल्यानें आजीच्या मंगल-अमंगलाचाहि प्रश्न सुटतो. येथें विदर्भाचें एक उदाहरण देण्यासारखें आहे. भंडारा-नागपूरकडे टसराचीं करवती कांठाचीं लुगडीं विणतात. टसराचा किडा ऐन व अर्जुन या झाडांचा पाला खातो, आणि त्याच्या रेशमास रंग न देतांच एक मधाळ, फिकट भुरा वर्ण असतो. शॅम्पेनचा हा थोरला भाऊच म्हणावा. त्या विणकरांनीं या वर्णास कधीं नांवें ठेवलीं नाहींत. त्यांनीं त्यास गडद कांठ दिला, कांठाच्या कडेस करवतीच्या दातांसारखी नक्षी दिली, आणि लुगडें समारंभांत नेसण्याजोगें केलें.

दुसरा मान निळ्याच्या कुळास. वर जे अंक दिले, त्यांवरून हिशेब केला तर शॅम्पेनच्या नेमका समोर येणारा रंग निळा होय. म्हणून गडद नीळ किंवा मोरपंखी कांठालगत या रेशमांतलें सोनें आपोआप वर येतें. जर न घालतां जरीचा भास होतो. गडद हिरवाहि चांगला. त्याच्या संगतींत शॅम्पेन किंचित् गुलाबी होतो, आणि वधूच्या हातांतील हिरव्या चुड्यानें हें काम अनायासें होतें, ही गोष्ट दुकानांत कोणी लक्षांत घेत नाहीं. वांगी व जांभळा हेहि जुळतात, मात्र गडद हवेत. काळ्याविषयीं संक्रांतीचें उदाहरण घरोघरचें आहे: काळ्या चंद्रकळेवर सांडलेला तिळाचा दाणा किती ठसठशीत दिसतो! लग्नांत काळा चालत नाहीं, तो संक्रांतीसाठीं राखून ठेवावा. फिकट गुलाबी आणि राखाडी या दोहोंची जोडी सुंदर असते, पण तीं दोन्ही शॅम्पेनइतकींच मंद असल्यानें तिसरा कोणी गडद हजर नसेल तर चिंकाऱ्याची गोष्ट होते.

जरीविषयीं मतभेद आहेत. पिवळीधमक जर या रंगाचा सोनेरीपणा खाऊन टाकते. जुन्या, उतरलेल्या सोन्यासारखी जर त्यास शोभते, आणि रुपेरी जर त्यास थंड करते. दागिन्यांचें तसें नाहीं. अंगावरचें सोनें थोडें असतें आणि त्याच्या व वस्त्राच्या मध्यें कातडीचा रंग असतो. गव्हाळ वर्णाच्या मुलीस शॅम्पेन शोभत नाहीं, असें सर्रास म्हणतात. त्यांत तथ्य एवढेंच, कीं चेहऱ्यालगत तोच तो मंद रंग आला, तर चेहरा आणि वस्त्र यांच्यामधली रेघ पुसली जाते. उपाय पोलक्याचा आहे. गळ्याशीं गडद रंग आला, कीं प्रश्न मिटतो. सांवळ्या वर्णावर तर हा रंग गोऱ्यापेक्षां अधिक खुलतो, आणि त्याचें कारण गोणपाटावरच्या गुळाचेंच.

भिंतींना हा रंग देणारांची संख्याहि वाढत आहे. तेथें सागवानी दारें, काळी फरशी आणि पितळेचीं भांडीं असलीं तर दुसरें कांहीं शोधावें लागत नाहीं. छताचा चुना मात्र निव्वळ शुभ्र असूं नये.

राहिली आईची भीति, आणि तीच सर्वांत व्यवहाराची आहे. दुकानांतले पिवळे दिवे सुमारें २७०० केल्विनचा उजेड देतात. त्यांत निळा अंश थोडा आणि तांबडा-पिवळा अधिक. दुपारचा सूर्यप्रकाश साडेपांच हजारांच्या आसपास, म्हणजे कितीतरी निळसर. शॅम्पेन आणि पांढरा यांच्यामधला सारा फरक निळ्या अंशाचा, तेव्हां ज्या उजेडांत निळा मुळांतच कमी, तेथें हा रंग अधिक श्रीमंत दिसणार आणि उन्हांत थोडा निवणार, हें क्रमप्राप्तच आहे. त्याहून मोठा धोका जुळवणीचा. शालूचें रेशीम एका रंगानें रंगविलेलें, पोलक्याचें कापड दुसऱ्या. दिव्याखालीं दोन्ही एक दिसतात आणि उन्हांत नेतांच एक हिरवट, एक गुलाबी निघतें. रंगशास्त्रास हा प्रकार परिचित आहे. एका उजेडांत जुळलेले दोन रंग दुसऱ्या उजेडांत जुळतीलच असें नाहीं. म्हणून शॅम्पेनला शॅम्पेन जुळवीत बसण्याचा नादच सोडावा. विरोधी गडद रंग घेतला, तर उजेड बदलला तरी जोडी मोडत नाहीं.

तर त्या कुटुंबानें रात्रीं दिव्याखालीं निर्णय घेऊं नये. दुकानदारास सांगून घडी बाजूस ठेवावी आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं दहाच्या सुमारास यावें. रेशीम पांढऱ्या गादीवरून उचलून दुकानाच्या पायरीवर, उघड्या उजेडांत, मुलीच्या खांद्यावर टाकावें. एका बाजूस डाळिंबी कांठाचा तुकडा लावावा, दुसऱ्या बाजूस मोरपंखी, आणि दहा पावलें मागें सरून पाहावें. हातांत चार हिरव्या बांगड्या घालण्यास विसरूं नये. आजीला पायरीवर उभें राहणें जमत नसेल, तर तिच्यासाठीं खुर्ची बाहेर आणावी. कारण दोहोंपैकीं कोणता कांठ, हें सांगण्याचा अधिकार, ज्या बाईनें पन्नास वर्षें कडबा उन्हांत पाहिला आहे, तिचाच.